प्रकाशन दिवाळीनंतरच, आणि पानंही २०८च

'पुस्तक तयार आहे तर दिवाळीआधीच आणा की' असं माझ्या येणाऱ्या कादंबरीबद्दल दोघातिघांनी म्हटलंय. आणलं असतं हो! पण गणपती उठले की पुण्यातले बरेचसे छापखाने आणि बाइंडर दिवाळी अंकांत बुडालेले असतात. त्या गर्दीत ती घुसवली तर बांधणी घाईची होणार आणि तुमच्या हातात पानं सुटी येणार.

आधी सांगितलेल्या २२४ पानांची २०८ झाली म्हणून गोष्ट कापली, ही शंका मात्र चूक. फर्मा, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून दुमडलेला पानांचा गठ्ठा, १६ पानांचा. मजकूर संपत होता २११व्या पानावर, म्हणजे तीन पानांसाठी चौदावा फर्मा आणि मागे १३ पानं कोरी. त्याचा भार शेवटी किमतीवरच. मग साडेतीन पानांचं मनोगत अर्ध्या पानावर आणलं. (ते तसंही कुणी वाचत नाही, असं प्रकाशकांनी न विचारता सांगितलं.) गोष्टीतली ओळही गेलेली नाही.

सध्या तिसरं प्रूफ बघतोय. काल ४७व्या पानावर 'आजीनं सूत कातलं'मधला 'सू' ऱ्हस्व सापडला. म्हणजे आजीनं पोरगाच कातला. दोन प्रुफांत तिघांच्या नजरेतून सुटला होता.