ट्रेलरची बॅटरी : अल्टरनेटर बदलू नका

साताऱ्याहून कासला पोचेपर्यंत ट्रेलरची बॅटरी भरत नाही म्हणून गाडीचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) बदलायला निघालात, ते आधी थांबवा. दोष वायरीचा दिसतोय. बॉनेटपासून ट्रेलरपर्यंत ६ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १२. तुमच्या २.५ चौरस मिमी वायरीतून २० अँपिअर ओढले की पावणेदोन व्होल्ट वाटेतच जातात. अल्टरनेटरमधून १४.२ व्होल्ट निघाले तरी मागे जेमतेम १२.४! १६ चौरस मिमीची वायर टाका आणि ट्रेलरमध्ये बॅटरीजवळ डीसी-टू-डीसी चार्जर (कमी झालेले व्होल्ट वाढवून बॅटरीला हवे तेवढे देणारा) बसवा. फ्यूज मात्र दोन्ही बॅटऱ्यांना अगदी लागून हवेत. यवतेश्वरच्या घाटात वायर घासून शॉर्ट झाली तर आग लागेल, इथे काटकसर नकोच. तरीही तासाभरात २० अँपिअर-अवरच जमतील. १०० अँपिअर-अवरची रिकामी बॅटरी तेवढ्यात भरत नाही, घरूनच भरून निघा.