१ मेला निकाल वाटून झाल्यावर स्टाफची पार्टी कुठं करावी?

खडू_डस्टर:
आमची साताऱ्याजवळची जिल्हा परिषदेची शाळा, स्टाफ ८ जणांचा. १ मेला झेंडावंदन झालं, प्रगतीपुस्तकं वाटली की १० पर्यंत मोकळे. वर्षभर ऑनलाइन माहिती भरून भरून सगळे वैतागलेत त्यामुळे यंदा काहीतरी करायचंच आहे. तरुण मंडळी म्हणतात महाबळेश्वर, मुख्याध्यापक मॅडम म्हणतात शाळेतच आमरस-पुरी करू आणि दोघींना पोरं सोबत आणायचीत. माणशी ५०० च्या आत बसेल असं सुचवा.

घाटवाला:
१ मेला महाबळेश्वर?? सर, पसरणी घाटातच गाडीत बसून पार्टी कराल. सुट्टीचा दिवस, त्यात शाळा सुटलेल्या. खालीच थांबा, वाईत ढोल्या गणपती बघून मेणवलीला जा. नाना फडणवीसांचा वाडा आहे, कृष्णेचा घाट आहे आणि घाटावर देवळापाशी ती पोर्तुगीज घंटा, १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली तिथून आलेली. जवळ जाऊन बघा, अंगावर मेरी आणि बाळ येशू कोरलेत. पोरं खूश होतील.

पुस्तकवेडी:
भिलार कुणीच कसं सुचवलं नाही, पुस्तकांचं गाव, २०१७ पासून आहे, घराघरात पुस्तकं. पण तेही घाट चढूनच, १ तारीख सोडून जा.

बाई_चौथीच्या:
मॅडमचं ऐका. आम्ही शाळेतच केलं होतं, मस्त झालं. रस हातानं पिळा हं, मिक्सरचा फेसाळ होतो, वरून सुंठ न तूप. आणि एक, पुऱ्या खिचडीवाल्या मावशींना लाटायला लावू नका!! वर्षभर पोषण आहार त्याच शिजवतात, त्या दिवशी त्यांना पंगतीत बसवा आणि वर्गणी अजिबात मागू नका, त्यांचं मानधन किती असतं आपल्याला माहितीये. आमच्याकडे गणिताच्या सरांनी लाटल्या, एकही गोल नाही, पण महाराष्ट्र दिन होता म्हणून नकाशे चालवून घेतले 😂

घाटवाला:
ताईंना +१. मग जेवण शाळेत आणि उन्हं उतरल्यावर मेणवली, दोन्ही होतंय की.

खडू_डस्टर:
हेच फायनल केलं. दोन्ही मावशी येतायत, मेणवलीलापण. आंबे मॅडमकडे लागले. पुऱ्या कोण लाटणार विचारल्यापासून ग्रुपवर सगळे गप्प आहेत.