दहावरून दोन सिगारेटींवर आलं तर धोका पाचपट कमी होतो का?

आगंतुक: एक शंका आहे. दिवसाला दहा सिगारेटी ओढणारा माणूस दोनवर आला तर कॅन्सरचा धोकाही पाचपट कमी, असं सरळ त्रैराशिक असतं का? एक मित्र छातीठोकपणे सांगतोय की ठराविक प्रमाणाच्या खाली शरीर सगळं निस्तरतं, काही होत नाही. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने प्रोसेस्ड मांस (सॉसेज, बेकन, हॅम वगैरे) कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत तंबाखूच्याच गटात टाकलंय असंही वाचलं, मग दोन्ही सारखंच घातक का? डोकं चक्रावलंय.

सांजवारा: त्रैराशिक नाही हो. नॉर्वेत दिवसाला 1 ते 4 सिगारेटी ओढणाऱ्यांवर बरीच वर्षं लक्ष ठेवलं होतं, 2005 साली निष्कर्ष आले, फुफ्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचा धोका न ओढणाऱ्यांपेक्षा पुरुषांत जवळजवळ तिप्पट, बायकांत पाचपट. म्हणजे तुमच्या मित्राची ती 'सेफ' मर्यादा निदान सिगारेटीला तरी नाही. शिवाय कमी केली की माणूस झुरके खोल मारतो, पार फिल्टरपर्यंत ओढतो, त्यामुळे सिगारेटी पाचपट घटल्या तरी आत जाणारा धूर तेवढा घटत नाहीच.

खडूस_काका: +1. आणि सगळे आकडा मोजतात, वर्षं कोणी मोजत नाही! डॉल आणि पीटो या संशोधकांनी सिगारेट ओढणाऱ्या ब्रिटिश डॉक्टरांच्या माहितीवरून 1978 साली दाखवलं की धोका रोजच्या संख्येपेक्षा किती वर्षं ओढली त्यावर कितीतरी जास्त चढतो. रोजच्या सिगारेटी तिप्पट केल्या तर धोका साधारण तिप्पट, पण वर्षं तिप्पट झाली तर जवळजवळ शंभरपट. वीस वर्षांचा पोरगा 'दोनच तर ओढतो' म्हणतो ना, त्याला हे ऐकवा.

आगंतुक: बापरे. मग कमी करण्यात काही अर्थच नाही का?

खडूस_काका: अर्थ आहे, पण सोडण्याची सर त्याला नाही. सोडल्यावर साधारण 10 वर्षांत फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्म्यावर येतो. आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीत काम करणारा असेल तर त्याने आजच सोडावी, कारण ती धूळही फुफ्फुसाचा कॅन्सर करते आणि तिथे दोन धोक्यांची बेरीज होत नाही, गुणाकाराच्या जवळ जातं प्रकरण.

मधली_सुट्टी: मांसाचं राहिलंच. ते गट पुरावा किती पक्का आहे त्यावरून पाडतात, घातकपणावरून नाही, पेपरवाले नेमकं हेच गाळतात. रोज 50 ग्रॅम प्रोसेस्ड मांसाने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो, तेही मूळ धोक्याच्या 18 टक्के, शंभरातल्या 18 जणांना होतो असं नव्हे. सिगारेटने फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका 15 ते 30 पट होतो. आता तुम्हीच ताडून बघा.