मदत हवी आहे: 'दो आँखें बारह हाथ'च्या लेखाची समसमीक्षा

विकिपीडियावर व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटाचा लेख वाढवते आहे. समसमीक्षेला (इतर संपादकांकडून तपासणीला) टाकण्याआधी एका जागी अडले आहे.

कथानक निम्म्यावर आणलं, विशेषणं काढली. १९५८च्या बर्लिन चित्रपट महोत्सवातल्या 'रौप्य अस्वल' पुरस्काराच्या उल्लेखाला संदर्भ जोडला. कथानकाला चित्रपट हाच स्रोत चालतो, त्यामुळे तिथे प्रश्न नाही.

अडचण 'निर्मिती' विभागाची. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाशी असलेलं कथेचं नातं आणि बैलाबरोबरच्या प्रसंगात शांतारामांच्या डोळ्याला झालेली इजा, दोन्ही मला नीट लिहायचं आहे. माझ्या मते लेखाचा जीव त्यातच आहे. पण सध्या हा विभाग जवळजवळ सगळा त्यांच्या 'शांतारामा' या आत्मचरित्रावर उभा आहे. ब्लॉग आणि व्हिडिओ मी स्रोत म्हणून घेतलेले नाहीत. जुन्या नियतकालिकांचे अंक हाताशी नाहीत, ऑनलाइन शोधून झालं.

चित्रपट-लेखांची समीक्षा केलेल्यांनी कृपया सांगावं: 'शांताराम यांच्या म्हणण्यानुसार' असा स्पष्ट उल्लेख केला तर आत्मचरित्र पुरेसं धरलं जाईल, की प्रत्येक विधानाला दुसरा स्वतंत्र स्रोत मिळेपर्यंत तो भाग बाहेरच ठेवू?