रिसॉर्टमधली सिद्दी धमाल: मान की तमाशा?

माळरान: दिवाळीत गुजरातमधल्या सासण गीरला होतो. जेवणाआधी हिरवळीवर सिद्दी मुलांची धमाल, म्हणजे त्यांचा ढोलावरचा नाच. सिद्दी म्हणजे शतकांपूर्वी आफ्रिकेतून इथे आलेल्यांचे वंशज. कमरेला मोरपिसं, तोंडावर पांढरे पट्टे, नारळ उंच उडवून डोक्यावर फोडायचा. माईकवाला ओरडतोय, "थेट आफ्रिकेच्या जंगलातून!" पोरं तिथल्याच जांबूर गावची, आपसात गुजरातीत बोलत होती. शेजारच्या टेबलावरच्या काकूंनी एकाच्या केसांना हात लावून पाहिला, न विचारता.

लोक म्हणतात, असं नाच-संगीत पाहून वर्णद्वेष कमी होतो म्हणे! उलट 'हे आपले नव्हेत' हे आणखी पक्कं होतं. धमाल ही मुळात गुजरातमधल्याच रतनपूरच्या बावा गोर या सिद्दी पिराच्या दर्ग्यातली भक्ती. मुगरमान ढोल, धनुष्यासारखं वाद्य मलुंगा, पिराची गाणी. इथे ढोलाच्या जोडीला स्पीकरवर हिंदी गाणं.

मुरूडकर: माळरान, दर्ग्यात वाजवून घर चालतं का? याच ढोलावर 'सिदी गोमा' या सिद्दी कलापथकाचे लोक युरोप-अमेरिकेत कार्यक्रम करून आले. तुम्हाला शुद्ध कला हवी, त्यांना संध्याकाळची बिदागी.

माळरान: बिदागीला कोण नाही म्हणतंय? माईकवर काय बोलायचं ते त्यांना ठरवू द्या, एवढंच. आणि जांबूरच्याच हिराबाई लोबींना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती नाचासाठी नव्हे, बायका-मुलांसाठी केलेल्या कामाला. ते माईकवाल्याला ठाऊक तरी असेल का?

खडकीचा_नहर: आपल्याकडे सिद्दी म्हटलं की जंजिरा आणि महाराजांचा शत्रू, संपलं. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. १६२४ ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. यावर पोवाडे करा, शाळाशाळांत गाऊ द्या. ढोलापेक्षा ते जास्त भिनेल.

चहा_कमी_साखर: नहरसाहेब, पोवाडा ऐकून घरमालक खोली देतो का? पुण्यात माझ्या वर्गात टांझानियाचा मुलगा होता. त्याच्यासाठी आम्ही चार घरं पाहिली. फोनवर 'या की', दारात 'कालच गेली हो'. त्यातल्या एका घरात भिंतीवर बॉब मार्लीचं पोस्टर होतं, मालकाच्या मुलाचं.

मुरूडकर: म्हणून संगीत सोडायचं? कर्नाटकातल्या यल्लापूर, हल्याळकडच्या सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांच्यातले बरेच गोव्यात पोर्तुगिजांच्या गुलामीतून पळालेल्यांचे वंशज. कागद मिळाला, पण अनोळखी माणसं अजून विचारतात, 'कुठल्या देशाचे?' तिथे त्यांचा दमाम ढोल वाजला की निदान लोक थांबून ऐकतात.

चहा_कमी_साखर: ऐकतात, आणि 'यांच्या रक्तातच आहे' म्हणतात. १९८७ ला सरकारनेही सिद्दी पोरं धावायला शोधून नेली होती. एक तर नाचा नाही तर पळा. हिशेबनीस व्हायचं असेल त्याने काय करायचं?

मुरूडकर: मुद्दा मान्य. तरी एक विचारतो माळरान, त्या काकूंना तुम्ही काही बोललात का?

माळरान: नाही. मोबाइलवर व्हिडिओ काढत होतो.