माळ्यावरच्या व्हिडिओ कॅसेटींना बुरशी आली आहे. संगणकावर कशा उतरवाव्यात?

चिरेबंदी:
राजापूर तालुक्यातील आमच्या घराच्या माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत १९ व्हिडिओ कॅसेट सापडल्या. त्यांपैकी १४ मोठ्या व्हीएचएस आहेत आणि ५ हँडीकॅमच्या छोट्या, ८ मिलिमीटरच्या. चुलत्यांनी आखातातून कॅमेरा आणला, तेव्हापासून १९९७ पर्यंतचे हे चित्रण आहे: आत्याचे लग्न, गणपतीची आरास, शिमग्यात घरी आलेली पालखी आणि खळ्यात भात झोडणारे आजोबा. आजोबांचा आवाज आमच्याकडे अन्यत्र कुठेही नाही, म्हणून मी घाई करू धजत नाही. कॅसेटच्या खिडकीतून पाहिल्यास काही फितींच्या कडांवर पांढरी भुकटी दिसते. रत्नागिरीतील एका स्नेह्यांकडे चालू स्थितीतला व्हीसीआर आहे आणि ‘एकदा लावून तर पाहू’ असे ते म्हणत आहेत. लावावी का? की सगळ्या कॅसेट मुंबईला एखाद्या स्टुडिओत द्याव्यात?

पागोळी:
कृपया एकही कॅसेट लावू नका. ती पांढरी भुकटी बहुधा बुरशी आहे. व्हीसीआरमधील हेडचे (फितीवरचे चित्र वाचणाऱ्या भागाचे) गोल पिंप आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फेरे घेते आणि फीत त्याला घासूनच पुढे सरकते. बुरशीची एक कॅसेट चालवली, की तिचे कण हेडवर बसतात, चित्राऐवजी पडद्यावर मुंग्या दिसू लागतात आणि पुढे त्या यंत्रात लावलेल्या चांगल्या कॅसेटलाही तीच लागण होते. आमच्या घरी नेमके हेच झाले. एका बारशाच्या कॅसेटपायी व्हीसीआर गेला आणि त्यात अडकलेली फीत चुरगळली ती वेगळीच. असे यंत्र आता नवे मिळत नाही. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपन्यांपैकी जपानच्या फुनाईनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले.

आधी कॅसेट कोरड्या होऊ द्या. बुरशीच्या कॅसेट वेगळ्या काढा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह काही आठवडे ठेवा. उन्हात वाळवण घालू नका, चुलीजवळही ठेवू नका, कारण उष्णतेने फीत आकसते आणि कवच वाकडे होते. ओली बुरशी पुसायला गेल्यास ती फितीवर पसरते. कोरडी झाली की भुकटीसारखी सुटते आणि मऊ ब्रशने झटकता येते. हे काम घराबाहेर, तोंडाला मास्क लावून करावे. घरात दम्याचे कोणी असल्यास तर नक्कीच. व्हीएचएसचे कवच पाच स्क्रूंनी जोडलेले असते. ते उघडून दोन्ही रिळे दुसऱ्या स्वच्छ कवचात बसवता येतात, मात्र फितीच्या वाटेचा फोटो आधी काढून ठेवावा. हा उद्योग पावसाळ्यात करू नये. आपल्याकडे आषाढ-श्रावणात आगपेटीची काडीसुद्धा धड पेटत नाही, तिथे फीत काय कोरडी होणार? दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत हात घालावा.

गिरगावचा चाकरमानी:
स्टुडिओत देण्यास माझी हरकत नाही. बुरशी जास्त असेल तर अनुभवी माणसाकडेच द्यावे. परंतु हातात काय मिळणार, हे आधी विचारून घ्यावे. मी ज्यांच्याकडे दिले होते, त्यांनी मूळ ४:३ चे (रुंदी-उंचीचे जुन्या टीव्हीचे प्रमाण) चित्र रुंद पडद्यासाठी ताणून दिले, त्यामुळे आमची सडपातळ आजी त्यात चांगली गुटगुटीत दिसते, आणि मंगलाष्टकांवर स्वतःच्या पसंतीचे संगीत चढवले. तेही डीव्हीडीवर, जी पुढे चालेनाशी झाली. तेव्हा मूळ आवाज, मूळ आकार आणि फाइल हार्ड डिस्कवर, असे लेखी ठरवा. कॅसेट परत मागा आणि काम झाल्यावरही टाकून देऊ नका.

टिपकागद:
घरी उतरवायचे असल्यास माझ्या अनुभवातील काही गोष्टी सांगतो. व्हीसीआरच्या पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पिनांतून चित्र व आवाज घेणारे यूएसबी कॅप्चर उपकरण मिळते. ते पुष्कळदा एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्ही पद्धतीवर, लावलेले येते. ते पालवर आणले नाही, तर चित्र कृष्णधवल दिसते किंवा वरखाली घरंगळते. आकार ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ चौकटी ठेवाव्यात. प्रत्येक चौकट विषम आणि सम रेषांच्या दोन अर्ध्या भागांची असते. मूळ प्रतीत हे भाग तसेच राहू द्यावेत, पाहण्यासाठीची प्रत काढताना एकत्र करावेत.

जुनी फीत कमी-जास्त ताणलेली असते, त्यामुळे चित्र थरथरते, मधल्या चौकटी गळतात आणि तासाभराने ओठ व आवाज जुळेनासे होतात. यावर टाइम बेस करेक्टर (चित्राच्या रेषांची वेळ सारखी करणारे यंत्र) हे खरे औषध, पण ते महाग आहे. जुना डीव्हीडी रेकॉर्डर मिळाल्यास चित्र त्यातून नेऊन पाहावे. काही मॉडेलमध्ये बराच फरक पडतो.

तुमच्या छोट्या कॅसेटसाठी डिजिटल-८ कॅमेरा शोधा. त्याची काही मॉडेल जुन्या व्हिडिओ-८ आणि हाय-८ (दोन्ही ८ मिलिमीटरच्याच) कॅसेट वाचतात आणि फायरवायर या केबलमधून संगणकाला थेट डीव्ही प्रकारची डिजिटल फाइल देतात. तिला तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. नातेवाइकांना पाठवण्यासाठी एच.२६४ ची, म्हणजे दाबून लहान केलेली, प्रत पुरेशी आहे. ८ मेगाबिट वेगाने ती तासाला साधारण ३.६ जीबी भरते. मोठी फाइल मात्र दोन निरनिराळ्या डिस्कवर ठेवावी आणि त्यांतली एक डिस्क कोकणाबाहेर असावी.

हेड साफ करताना कापसाचे बोळे वापरू नयेत, त्यांचे धागे अडकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेले मऊ चामडे पिंपाला हलकेच टेकवून पिंप हाताने फिरवावे. वरखाली घासल्यास हेडचे टोक तुटते.

चिरेबंदी:
मनःपूर्वक आभार. स्नेह्यांना नको म्हणून कळवले आहे आणि भुकटी दिसणाऱ्या सहा कॅसेट वेगळ्या डब्यात ठेवल्या आहेत. बाकीच्या दिवाळीनंतर सुरू करीन. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागणार, तेव्हा त्या वेळी आत्याला शेजारी बसवून चित्रातली माणसे कोण कोण आहेत, ते वहीत लिहून घेईन. तिच्या वयाच्या आता दोघीच उरल्या आहेत. एक शंका राहिली: काही कॅसेटींच्या मागच्या कडेला प्लास्टिकचा छोटा तुकडा आहे, तर काहींवर तो मोडलेला दिसतो. मोडलेल्या कॅसेट खराब समजायच्या का?

पागोळी:
उलट, त्याच सुरक्षित आहेत. तो तुकडा असेपर्यंत कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होऊ शकते, आणि व्हीसीआरवर प्लेच्या शेजारचे लाल बटण चुकून दाबले, की आजोबांच्या जागी निळा पडदा येईल. ज्या कॅसेटींवर तुकडा शाबूत आहे, त्यांचे तुकडे आजच मोडून टाका.