प्रति: टांझानियात शिकवायला जाताना

टांझानियातल्या मोरोगोरोच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून शिकवायला निघालेल्या ताईंनी विचारलंय, टुरिस्ट व्हिसावर जाऊन पुढचं तिथेच बघितलं तर चालेल का? नाही चालणार. तिथे बिनपगारी कामालाही परवाना लागतो. स्वयंसेवकांसाठी 'क्लास सी' निवास परवाना असतो. बोलावणारी संस्था त्याबद्दल टाळाटाळ करत असेल तर तिकीट काढूच नका.

ताईंनी शाकाहाराची मात्र उगाच धास्ती घेतली आहे. म्चिचा म्हणजे आपल्या माठाचीच भाऊबंद भाजी, आणि घेवड्याची उसळ, भात, चपाती सगळीकडे. उगालीची (मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा) सवय व्हायला वेळ लागतो, मला तरी लागला.

खरा गोंधळ घड्याळाचा. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे सकाळच्या ७ ला 'एक'. कोणी 'सा तातू' (तीन) म्हणालं की ९ समजा आणि तरी एकदा विचारून घ्या. वयाने मोठ्यांना आधी 'शिकामू' (आदराचा नमस्कार) म्हणायचं, मग घरच्यांची चौकशी, काम त्यानंतर. घाई केलीत तर उद्धट ठराल.

आणि हो, सामानात प्लास्टिकच्या कॅरीबॅग नकोत, जून २०१९ पासून बंदी आहे. लोणच्याची बरणी कापडात गुंडाळा.